वजा पंधरा मिनिटं

मी शिंपीकाकांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ बोलतोय. खरं तर हल्ली बोलायची लाज वाटते. माणसाला निदान मान खाली घालता येते, मला तीही सोय नाही. माझं तोंड कायम वरच.

मला घडवलं कारखान्यात, पण वळण लावलं ते काकूंनी. काका कपडे सुरेख शिवायचे आणि वेळेवर कधीच द्यायचे नाहीत. एका नवरदेवाला तर कोट मिळाला तो लग्न लागल्यावर. त्या दिवशी काकूंनी माझी चावी ओढून काटे पंधरा मिनिटं पुढे केले. "आता बघते कसा उशीर होतो ते," म्हणाल्या.

उशीर व्हायचा तो होतच राहिला. काकांनी आठवडाभरात वजाबाकी शिकून घेतली. माझ्याकडे बघायचे, मनात पंधरा वजा करायचे आणि निवांत सुईत दोरा ओवायचे. गिऱ्हाइकाने घाई केली तर म्हणायचे, "ते हिचं घड्याळ. माझे अजून वाजायचेत."

बत्तीस वर्षं मी असा खोटा चालत राहिलो. काकू गेल्या, तरी त्यांनी लावलेले काटे काकांनी हलवले नाहीत. मला मात्र आतून सलायचं. चौकातल्या मनोऱ्यावर ठोके पडले की मी चोरासारखा गप्प व्हायचो.

काकांना एकच धाकटी बहीण. लग्न होऊन ती खंडाच्या पार टोकाला गेली होती, जिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसता समुद्र. 'हातातली कामं उरकली की येतो,' असं काका तिला दरवर्षी कळवायचे. कामं काही उरकली नाहीत. मग एक दिवस तिचं पत्र आलं. 'दादा, बुधवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे. नंतर दिसेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. त्याआधी एकदा तुझं तोंड बघायचंय.'

काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि दुकानाला कुलूप घातलं. एवढ्या लांब ते एकटे कधी गेले नव्हते. वाटेत बंद पडायला नको म्हणून मला घड्याळजीकडे साफसफाईला दिलं. घड्याळजी सचोटीचा माणूस. त्याने मला पुसलं, तेल दिलं आणि वेळही अचूक लावून दिली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. काकांनी मला घाईघाईत मनगटावर चढवलं.

आणि मी खूश झालो. हे सांगताना जीव नकोसा होतो, पण झालो खरा. इतक्या वर्षांनी आपण खरं बोलतोय, या तोऱ्यात मी टिकटिकत होतो.

पहिली आगगाडी दोन तास उशिरा आली, दुसरी त्याहून उशिरा. त्यामुळे माझ्यातला बदल काकांच्या लक्षातच आला नाही. सोमवारी दुपारी आम्ही शेवटच्या बसस्थानकावर उतरलो. तिथून बहिणीच्या गावाला आठवड्यात दोनच बस, सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी दोनला. काका समोरच्या हॉटेलात बसले. माझ्यात दोनला पाच कमी होते. काकांनी सवयीने पंधरा वजा केले आणि आणखी एक चहा मागवला.

चहा आला तेव्हा बस फाटकाबाहेर पडत होती. काका पिशवी घेऊन धावले.

"थांबवा हो ती. अजून पंधरा मिनिटं आहेत."

कंट्रोलरने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमच्याच घड्याळात दोन वाजून गेलेत."

"ते दाखवतं तसं. पण वाजलेले नसतात."

कंट्रोलरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. काका एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग तिथेच पायरीवर बसले.

त्या वाटेला दुसरं वाहन नव्हतं. तिच्या गावच्या दवाखान्यात फोन लावला, तर सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर वर्षातून एकदाच येतात हो. बुधवार काही हलणार नाही." काका तीन दिवस लॉजच्या खोलीत बसून राहिले. रोज सकाळी मला चावी मात्र न चुकता दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी संध्याकाळी पोचलो. बहिणीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

"दादा, उशीर केलासच ना?"

"हो गं. माझंच चुकलं."

माझं नावही त्यांनी काढलं नाही. तिने त्यांचा चेहरा चाचपला, गालावरून हात फिरवला, मग मनगटावर मी लागलो.

"वहिनीचं ना हे? अजून पुढेच आहे?"

"पुढेच आहे," काका म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी माझी चावी ओढली आणि काटे पंधरा मिनिटं पुढे सरकवले.

आज शुक्रवार. आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलोय. पट्टी दहाला काढणार आहेत. तिला दिसेल की नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. दिसलं नाही, तर ती लाज मला जन्मभर मिरवायची आहे. तुम्हाला एकच विनवणी. दुसऱ्याच्या घरातलं घड्याळ चुकलेलं दिसलं, तर काटे फिरवण्याआधी एकदा विचारा.

माझ्यात दहा वाजले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वजाबाकीची वाट बघत होतो, पण ते उठले, कॉलर नीट केली आणि दार लोटून आत गेले.

"कोण?" पट्टीआडून तिने विचारलं.

"मी, दादा. अजून पंधरा मिनिटं आहेत. तोवर बसतो तुझ्याजवळ."