अप्पांच्या पायातलं भजन

बुशराला कुणी 'जमेल का गं?' असं विचारलं की तिचं डोकंच फिरायचं. जमेल म्हणजे जमेल! अहमदपूरच्या स्टँडमागं बाप लालमहंमदचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान, वर तिचा लातूरचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. मग घाबरायचं कशाला?

म्हणूनच शंकरप्पांची, पायानं भाता हलवायची पायपेटी पुन्हा वाजती करायचं तिनं अंगावर घेतलं. चाळीस वर्षं मंदिरातल्या सोमवारच्या भजनाला अप्पांचीच पेटी. औंदा कडबाकुट्टीच्या यंत्रानं उजव्या हाताची चार बोटं नेली आणि हा माणूस हात उपरण्यात लपवून दाराशी, चपलांजवळ बसायला लागला. ते बुशराला बघवत नव्हतं.

पण तिच्याकडं ऐवज होता. दोन वर्षांखाली अप्पा दुकानातल्या नव्या कीबोर्डवर सहज बसले होते, तेव्हा तिनं त्यांची वीस भजनं फाइलीत धरून ठेवली होती. त्यात आवाज नव्हता. कोणती पट्टी कधी दाबली नि किती वेळ धरली, एवढंच लिहिलेलं. तिनं पायपेटीच्या प्रत्येक पट्टीखाली तिला ओढणारं विजेचं चुंबक बसवलं, हवेला विजेचा पंखा लावला आणि मोबाइलवरून फाइल सोडली. लालमहंमद ऐकतच राहिले. "या अल्ला, हे तर अप्पाच!"

सोमवारी मंदिरात उमादेवी अक्का गायला बसल्या. पहिली ओळ झकास. दुसऱ्या ओळीला अक्कांनी सूर लांबवला आणि पेटी आपली चालली पुढं! अक्का थांबल्या.

"मी हिच्यामागं पळू व्हय?"

"तुम्हीच लय सोडली, अक्का," बुशरा फणकारली.

"न्हाई बेटा," दारातून अप्पा बोलले. "त्यांनी सूर लांबवला, मग श्वास घेतला. पेटीवाल्यानं गाणाऱ्याच्या मागं राहायचं असतं. अक्का रेंगाळल्या की माझा पाय आपोआप धीमा व्हायचा."

झालं! हात दाखवून अवलक्षण. बुशरा घरी आली ती धुमसतच. आणि जेवता जेवता तिचा घास हातातच राहिला. अप्पांची बोटं गेली होती, पाय तर शाबूत होते! आणि पंखा लावून तिनं त्या पायांनाच रजा दिली होती. काय म्हणावं या शहाणीला?

आठवड्यात तिनं पंखा काढून फेकला आणि मोबाइलमधल्या फाइलीची चाल तारेनं भात्याच्या पायडलला जोडली. पाय एकदा दाबला की भजन एक मात्रा पुढं. पाय थांबला की भजन थांबणार, दाबलेली पट्टी दाबलेलीच राहणार आणि भात्यातल्या हवेवर सूर टिकणार.

"अप्पा, उठा तिथून," पुढच्या सोमवारी तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. "पेटीपुढं बसा."

"बोटं न्हाईत अन् पेटी?" टाळ घेतलेला मल्लिनाथ हसला.

"तू टाळ सांभाळ आधी!" बुशरानं सुनावलं.

अक्कांनी तेच भजन धरलं. दुसऱ्या ओळीला मुद्दाम, पारखायलाच, सूर दुप्पट लांबवला. अप्पांचा पाय धीमा झाला. पेटीचा सूर अक्कांच्या सुराला धरून उभा राहिला. अक्कांनी श्वास घेतला, पाय पडला आणि दोघं एकदमच समेवर आले. मल्लिनाथचा टाळ तेवढा चुकला.

अप्पांनी उपरण्यातला उजवा हात बाहेर काढला, सगळ्यांसमोर, आणि खालीवर होणाऱ्या पट्ट्यांवर अलगद ठेवला.

"व्हय," ते म्हणाले, "माझीच बोटं हायत ही."

अक्कांनी पुढची ओळ उचलली.