प्रार्थनेचा विषय

सोमवारी सकाळी हार्लन पिकेट परसात टोमॅटोची रोपं लावत होते आणि त्यांची मुलगी लिओरा त्यांच्यावर करवादत होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला अजून वर्षही झालं नव्हतं.

"डॅडी, तुम्ही त्या खुर्चीत बसून सांगा. मी लावते."

"तू लावलीस की ती ओळीत येतात," ते म्हणाले. "तुझ्या लायब्ररीतल्या पुस्तकांसारखी. टोमॅटोला ते रुचत नाही."

हार्लन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आर्कान्साच्या डोंगराळ भागातल्या या गावात एकच कॉलेज, बेथाबारा, आणि त्यात त्यांनी अडतीस वर्षं बायबलचा जुना करार शिकवला होता. लिओरा तिथेच ग्रंथपाल होती. आई गेल्यापासून ती वडिलांजवळच राहत होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई वडिलांच्या घरी का राहते, हे गावात तिला कुणी विचारत नसे. तिच्यासाठी योग्य माणूस मिळो म्हणून प्रार्थना मात्र बरेच जण करत.

न्याहारीला तिने मक्याचा पाव आणि अंडी केली. हार्लननी हात धुतले, टेबलाशी बसून डोकं लववलं, आभार मानले आणि आमेन म्हणता म्हणता गावचं वर्तमानपत्र पुढे ओढलं.

"उद्या येतायत," ते म्हणाले.

बस येणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्यात बावीस माणसं होती, बहुतेक तरुण, सगळी समलिंगी आणि सगळी ख्रिस्ती. समलिंगींना थारा न देणाऱ्या ख्रिस्ती कॉलेजांच्या दारोदार ती फिरत होती. मागणं एकच: आमच्याजवळ बसा, शास्त्र उघडा, बोला. जानेवारीत त्यांनी प्राचार्य स्टॉल यांना चार पानी पत्र लिहिलं होतं. उत्तर दोन ओळींचं गेलं. मग परवाच्या शुक्रवारी चॅपलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एक छापील कार्ड ठेवलं गेलं. बसवाल्यांपैकी कुणी बोलायला आलं तर कार्डावरची दोन वाक्यं म्हणायची आणि चालू लागायचं. आमचं तुमच्यावर प्रेम आहे. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

"पोपटाला निदान शिट्टीसुद्धा शिकवतात," हार्लन म्हणाले.

"डॅडी."

"मी उद्या फाटकापाशी जाऊन बसणार आहे."

"बसणार म्हणजे?"

"म्हणजे घडीची खुर्ची घेऊन. एवढ्या लांबून पोरं बोलायला येतात आणि समोर कुणीच नाही, हे बरं दिसत नाही."

"माझी नोकरी जाईल."

"तुझी खुर्ची नेत नाहीये मी. माझी नेतोय." त्यांनी पेपर तिच्याकडे सरकवला. येणाऱ्यांची नावं छापली होती. चौथ्या नावाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. एम्मेट रोल्स, वय छत्तीस, बेथाबाराचा माजी विद्यार्थी.

लिओराने पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

चौदा वर्षांपूर्वी परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात, एका जाडजूड भाष्यग्रंथात, तिला एक पत्र सापडलं होतं. एम्मेटने दुसऱ्या गावातल्या एका मुलाला लिहिलेलं. तीन ओळींत तिला कळलं काय आहे ते, तरी तिने शेवटपर्यंत वाचलं. पत्र तिने फाडून टाकलं. इथपर्यंत तिचं चुकलं नव्हतं, असं ती आजही स्वतःला सांगे. पण मुलाची काळजी तिला झोपू देईना. बुधवारी तिने मिस वर्नाला फोन केला.

मिस वर्ना गावाच्या प्रार्थनासाखळीच्या प्रमुख होत्या. चौदा बायकांची नावं, चौदा फोन नंबर. एकीने दुसरीला विषय सांगायचा, दुसरीने तिसरीला, आणि प्रत्येकीने तो प्रभूपुढे मांडायचा. या गावात कुणी कुणाची चहाडी करत नाही. फक्त प्रार्थनेसाठी विषय देतात. लिओराने नाव सांगितलं नाही. आपला एक विद्यार्थी मोहात सापडलाय, एवढंच म्हणाली. "कुठला गं?" मिस वर्नांनी विचारलं, "नेमकं मागायला बरं पडतं." तेव्हा ती म्हणाली, ओक्लाहोमाचा, गायकवृंदातला, वडील मेकॅनिक आहेत. असा कॉलेजात एकच होता.

शुक्रवारी एम्मेटची ट्रंक फाटकाबाहेर ठेवलेली होती. पदवीला सात आठवडे राहिले होते.

त्याच आठवड्यात त्याने आपलं मन एका माणसापाशी मोकळं केलं होतं, आपल्या गुरुजींपाशी, हार्लन पिकेटपाशी. दुसऱ्या कुणालाही त्याने काही सांगितलेलं नव्हतं. तेव्हा कुणी तोंड उघडलं असेल, हे त्याने आपल्या परीने ओळखलं. जाताना तो हार्लनच्या पायरीवर त्यांनी दिलेला हिब्रू शब्दकोश ठेवून गेला. शब्दकोश लिओरानेच आत आणला होता.

"लिओ," आता टेबलापलीकडून हार्लन म्हणाले, "काही म्हणायचंय?"

"टोपी घालून जा," ती म्हणाली. "ऊन लागतं तिथे."

मंगळवारी कॉलेजच्या माणसांनी फाटकाच्या रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आडवी रेघ ओढली. रेघेच्या आत पाऊल टाकील त्याला अटक. लिओराला हुकूम होता की लायब्ररी बंद ठेवायची, म्हणजे पुस्तकांच्या निमित्ताने कुणी आत शिरणार नाही. तिने आतून दाराला साखळी घातली आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभी राहिली.

दहा वाजता बसमधली एक मुलगी, विशीचीसुद्धा नसेल, हातात पवित्र शास्त्र धरून रेघ ओलांडून आली. दोन पोलिसांनी तिचे हात मागे बांधले. शास्त्र खाली पडलं. पलीकडे हिरवळीवर साठ विद्यार्थी कार्डं घेऊन उभे होते. पवित्र शास्त्र जमिनीवर ठेवू नये, असं ज्यांना पाळण्यापासून शिकवलेलं, त्यांच्यातला एकही ते उचलायला वाकला नाही. लिओराही वरच उभी होती, तेव्हा तिने दुसऱ्यांना नावं ठेवू नयेत. पण राग काही माणसाची लायकी विचारून येत नाही.

शास्त्र उचललं हार्लननी. रेघेबाहेर खुर्ची टाकून ते सकाळपासून बसले होते. त्यांनी ते खिशातल्या रुमालाने पुसलं आणि मांडीवर ठेवलं. मग एक उंच, विरळ केसांचा माणूस त्यांच्यासमोर गवतावर येऊन बसला. चौदा वर्षांनीही लिओराने एम्मेटला पाठीवरून ओळखलं. दोघं तासभर बोलत होते. एकदा हार्लन हसले. एकदा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ हातात धरला.

साडेअकराला ते खुर्चीतून पुढे कलंडले.

एम्मेटने आणि आणखी एका मुलाने त्यांना उचललं. कॉलेजच्या नर्सची खोली फाटकापासून दोनशे पावलांवर होती आणि बंद पडू लागलेल्या हृदयाला झटका द्यायचं यंत्र तिथे भिंतीवर टांगलेलं होतं. ते दोघं रेघेपर्यंत आले. तिथे पहारेकरी डॉइलने हात आडवा केला.

"बसमधलं कुणीही आत येणार नाही."

"अरे, हे डॉक्टर पिकेट आहेत," एम्मेट ओरडला.

"मला दिसतंय ना. विचारतो." आणि तो वायरलेसवर प्राचार्यांच्या ऑफिसला विचारू लागला.

लिओरा जिन्यावरून धावली. साखळीचं कुलूप तिला लवकर उघडेना. ती पोचली तेव्हा परवानगी आलेली होती, नर्स यंत्र घेऊन धावत आली होती आणि हार्लन रस्त्यावर निजलेले होते, रेघेवर, डोकं आत आणि पाय बाहेर. पाच मिनिटं गेली असं डॉइल म्हणाला. एम्मेट म्हणाला, नऊ. हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली की लवकर यंत्र मिळालं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. नसते वाचले असंही सांगता येत नाही, हे ती म्हणाली नाही.

गुरुवारपर्यंत स्वयंपाकघरात गावातल्या बायकांनी आणलेल्या जेवणाची अठरा भांडी जमली. प्रत्येकाच्या बुडाला आणणारीच्या नावाची चिकटपट्टी होती, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जावं. प्राचार्य स्टॉल स्वतः आले, बायकोने केलेला भोपळ्याचा केक घेऊन.

"सिस्टर लिओरा, उद्याच्या अंत्यविधीला चॅपल तुमचंच आहे. तुम्ही शास्त्रातलं वचन वाचा. स्वागताचं मी बोलतो." ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "फक्त त्या बसमधल्यांना दारातून परत पाठवू. उगाच तमाशा नको. ब्रदर हार्लनच्या स्मृतीसाठीच म्हणतोय."

"डॅडी त्यांच्याबरोबर बसले होते."

"बसले होते, बरोबर. त्यांना परत बोलवायला." त्यांनी पेपर पुढे केला. कॉलेजचं निवेदन पहिल्या पानावर होतं. भरकटलेल्यांना सुवार्ता सांगत असताना प्रभूने आपल्या सेवकाला बोलावून घेतलं. रेघेचा उल्लेख नव्हता. वायरलेसचाही.

लिओराने निवेदन दोनदा वाचलं. आयुष्यभर एक एक शब्द तोलून वापरणाऱ्या माणसाच्या तोंडी, तो गेल्यावर दोन दिवसांत, यांनी आपले शब्द घातले होते. ती म्हणाली, "केकबद्दल आभारी आहे." आणि दार लावून घेतल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी मागच्या दारी एम्मेट आला. पुढच्या दाराने येणं बरं नाही, हे त्याला अजून आठवत होतं.

"मिस लिओरा, मी आत येत नाही. एक सांगायचं होतं, नाहीतर पोटात राहील."

"ये की आत. अठरा लोकांचं जेवण आहे."

तो उभ्यानेच तिच्या हातची कॉफी प्यायला. "चौदा वर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. परवा म्हटलं, तोंडावर विचारू. का सांगितलंत? ते म्हणाले, चुकलो. म्हणाले, माझ्या घरातून बाहेर गेलं, तेव्हा जबाबदार मी. क्षमा कर म्हणाले. एवढा मोठा माणूस." त्याने कप खाली ठेवला. "मी म्हटलं, केली. पण खरं सांगू? अजून होत नाहीये पुरती. ते गेले तरी होत नाहीये. याचीच लाज वाटते."

माझ्या घरातून. म्हणजे त्यांना माहीत होतं. चौदा वर्षं रोज सकाळी समोर बसून मक्याचा पाव खाल्ला त्यांनी, आणि माहीत होतं. सोमवारी 'काही म्हणायचंय?' असं विचारलं होतं, आणि ती टोपीचं बोलली होती. मग जे तिने बोलायचं, ते डॅडी स्वतःवर घेऊन बसले. विद्यार्थ्याने गृहपाठात वाढवून लिहिलं तरी ज्यांना खपत नसे, ते मरायच्या तासभर आधी तिच्यासाठी खोटं बोलले.

आत्ताच सांगावं, असं तिच्या मनात आलं. दिवाणखान्यात मिस वर्ना चिकटपट्ट्यांवरची नावं वहीत उतरवून घेत होत्या. लिओरा म्हणाली, "उद्या ये. अकराला."

"येऊ देतील?"

"मी सांगते म्हणून ये."

शुक्रवारी चॅपल गच्च भरलं. वर्षानुवर्षं प्रत्येकाची जागा ठरलेली होती, तशीच सगळी बसली. दारावर दोन विद्यार्थी यादी घेऊन उभे होते. एम्मेट आणि ती अटक झालेली मुलगी पायरीपर्यंत आली, तेव्हा त्यांनी यादीत पाहिलं, जणू नाव असण्याची शक्यता होती, आणि मान हलवली. दोघं पायरीवरच थांबली. दार उन्हाळ्यामुळे उघडं होतं. आतलं सगळं त्यांना ऐकू जात होतं.

प्राचार्य स्टॉल छान बोलले. त्यांचा आवाजच तसा होता. ब्रदर हार्लन शेवटच्या दिवशीही हरवलेली मेंढरं शोधायला फाटकापर्यंत गेले, असं त्यांनी सांगितलं, आणि सभेतून आमेन आलं. मग ते म्हणाले, आता सिस्टर लिओरा वचन वाचतील.

लिओरा उठली. व्यासपीठाकडे न जाता ती मधल्या वाटेने मागे चालू लागली, शवपेटीकडे पाठ करून. लोकांना वाटलं तिला बरं वाटत नसावं. मिस वर्नांनी तिचा हात धरला.

"बाळ, बस. आपण सगळे मिळून प्रार्थना करू."

"नको, मिस वर्ना. आपण दोघींनी केलेली एक पुरे झाली."

मिस वर्नांचा हात सुटला. त्यांचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे त्याही विसरल्या नव्हत्या.

"सिस्टर लिओरा," व्यासपीठावरून प्राचार्य म्हणाले, "हे नंतर, माझ्या ऑफिसात."

"डॅडी कुणाला परत बोलवायला गेले नव्हते," ती वळून म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून बराच मोठा निघाला. "बोलायला गेले होते. तुमच्यापैकी कुणी गेलं नाही म्हणून. मीही गेले नाही. आणि ते पडले तेव्हा तुम्ही वायरलेसवर विचार करत बसलात."

कुणी आमेन म्हटलं नाही. ती दारापर्यंत गेली. यादीवाला मुलगा बाजूला झाला. एम्मेट एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

"एम्मेट, डॅडी तुझ्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्यांनी तुझं एक अक्षरही कुणाला सांगितलं नव्हतं. तुझं पत्र पुस्तकात राहिलं होतं, ते मला सापडलं. मी वाचलं. मी मिस वर्नाला फोन केला. नाव घेतलं नाही, एवढ्यावर मी चौदा वर्षं काढली. डॅडींना क्षमा करायला तुझ्याकडे काही नाहीच आहे. तुला मी घालवलं."