सदाफुलीचा काढा

डॉक्टरीण रावाकाने ती गोष्ट सांगितली ती चांगल्या मनानेच, याबद्दल वाद नाही. पण चांगल्या मनाने माणसं काय काय करून ठेवतात, ते विचारू नका.

फांजिरी आमच्या बेटाच्या दक्षिणेतल्या आंद्रुई मुलखातली. निवडुंग, धूळ, आणि पाऊस आला तर आला. मुलगी वोरीसोआ सात वर्षांची. तिच्या रक्तात कॅन्सर निघाला म्हणून मायलेकी राजधानीच्या हॉस्पिटलात येऊन पडल्या होत्या. इथे थंडी हाडात शिरते आणि दक्षिणेतला माणूस दिसला की लोक आधी आपली पिशवी सांभाळतात. आठवड्याला एक इंजेक्शन आणि रोज गोळ्या, असं ठरलं होतं. पहिल्या इंजेक्शननंतर पोरीचा जबडा ठणकायला लागला, पोट गच्च झालं आणि ताट पाहिलं की ती तोंड फिरवायची.

दुसऱ्या इंजेक्शनच्या सकाळी फांजिरीचा उतरलेला चेहरा बघून डॉक्टरीण खाटेच्या कडेला टेकली. "ताई, एवढ्या घाबरता कशाला? हे काही परकं औषध नाही. तुमच्याकडे सदाफुली उगवते ना माळावर? तिच्या पानांतूनच निघतं हे. तुमच्याच घरचं समजा."

फांजिरी पोरीची चादर सारखी करायला लागली. डॉक्टरिणीला वाटलं, बाईला धीर आला. ती पुढच्या खाटेकडे वळली. इकडे फांजिरीने भांडी, चादर, पोरीचा स्वेटर असं सगळं लांबामध्ये, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या कापडात, बांधलं आणि पोरीला पाठीवर घेतलं.

दारात तिचा थोरला भाऊ माहासोलो बसला होता, काठी मांडीवर आडवी. राजधानीत दक्षिणेतल्या माणसाला राखणदाराचं काम चटकन मिळतं, कारण आम्हाला सगळे भितात. माहासोलो रात्रभर एका कापडवाल्याचं दुकान राखायचा आणि सकाळी भाताचा डबा घेऊन इथे यायचा.

"स्वारी कुठे?" त्याने विचारलं.

"घरी. बाजूला हो, दादा."

"गाडी चार दिवस हाडं खिळखिळी करते. ही पोर पोचेल?"

"इथे राहिली तर मरेलच."

माहासोलोने काठी दाराच्या चौकटीला आडवी लावली. "आजवर चोरांना आत येऊ दिलं नाही. आज बहिणीला बाहेर जाऊ देत नाही. धंदा तोच आहे."

"गंमत नको करूस. ते काय टोचतात ठाऊक आहे तुला? सदाफुली."

माहासोलोचं हसू मावळलं. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

दुष्काळात आमच्याकडे सदाफुलीचं मूळ चावतात, नाहीतर उकळून पितात. कडूजहर असतं. पण भूक मरते. अशाच एका साली फांजिरीच्या घरात काही उरलं नव्हतं. चिंचेत राख कालवून खाऊन झालं होतं, गुरं मेली होती. फांजिरीचा थोरला मुलगा दिवसभर एकच वाक्य म्हणायचा, भूक लागलीय. ते ऐकून ऐकून तिचं डोकं फिरायची वेळ आली. मग तिने मूळ उकळलं, त्याचे हात गुडघ्याखाली दाबले, नाक धरलं आणि काढा ओतला. पोराने मागणं बंद केलं. मागणं बंद झालं म्हणून ती एक रात्र शांत झोपली, आणि तेच तिला आजवर खात होतं. पुढच्या काही दिवसांत पोर गेलं. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, त्यामुळे त्या रात्रीचं तिने कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं.

आता तीच सदाफुली, तसंच बंद पडलेलं पोट. पुढे दारात भाऊ, मागे इंजेक्शन, आणि गावी नेलं तर तिथे औषध नाही. जायला जागाच नव्हती. ती पोरीसकट तिथेच जमिनीवर बसली.

डॉक्टरीण परत आली तेव्हा फांजिरीने खाली बघतच सगळं सांगितलं, अगदी गुडघ्याखाली दाबलेल्या हातांसकट. मग मान वर केली. "खरं सांगा, डॉक्टरीणबाई. हे विष आहे ना?"

रावाका इतका वेळ उभी होती, ती खाली बसली. सकाळचं गोड बोलणं आता तिलाच नकोसं झालं असावं. "हो. विषच आहे."

"मग?"

"आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. एकीच्या दोन होतात, तेव्हा पेशी आतल्या आत दोऱ्या ताणते आणि स्वतःला दोन बाजूंना ओढते. हे औषध त्या दोऱ्या बनूच देत नाही. पेशी मध्येच अडकते. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. तशीच मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्या जास्त सापडतात."

"आणि पोट? जबडा?"

"नसांमध्येही तशाच दोऱ्या असतात. त्यांनाही झळ लागते. म्हणून मापून देतो. गाडाभर पानांतून चिमूटभरसुद्धा निघत नाही, इतकं जहाल आहे ते. तुम्ही उकळलेलं मूळ वेगळं, ताई."

"माझा मुलगा त्या काढ्याने गेला का?"

रावाकाने खोटं बोलायला तोंड उघडलं असेल, पण बोलली नाही. "मी तिथे नव्हते. मला सांगता येणार नाही."

दारातून माहासोलो म्हणाला, "त्याने मागत राहायला हवं होतं, असं वाटतंय तुला. मागितलं असतं तर काय वाढणार होतीस?"

फांजिरी तेव्हा रडली. मोठ्याने, लाज सोडून. शेजारच्या खाटेवरच्या बायका बघत राहिल्या आणि कुणीही पिशवी सांभाळली नाही.

औषध शिरेत द्यायचं होतं. हात हलला आणि थेंब शिरेबाहेर गेला तर मांस जळतं, असं रावाकाने आधीच सांगितलं. नर्स हात धरायला पुढे झाली. वोरीसोआने सकाळपासून आईचा चेहरा पाहिला होता, त्यामुळे ती नर्सला जवळ येऊ देईना, लाथा झाडायला लागली.

"मी धरते," फांजिरी म्हणाली.

तिने पोरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नाक धरलं नाही, गुडघाही लावला नाही.

"आई, दुखेल?"

"दुखेल."

"मग पोट परत गच्च होईल?"

"होईल बहुतेक. हलू नकोस, बाळा. मी पण हलत नाही."

पोर हलली नाही. फांजिरीनेही पकड सैल होऊ दिली नाही. पाण्यासारखं दिसणारं ते औषध नळीतून उतरलं. अशी इंजेक्शनं अजून कितीतरी बाकी होती आणि ती संपेपर्यंत या खोलीतून सुटका नव्हती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पोट फुगलं, पाय चालताना फरशीवर फटफट आपटायला लागले, केस उशीवर राहिले. फांजिरी दरवाज्याकडे बघायची आणि मान फिरवायची. रावाका रोज सांगायची की गोळ्यांनी भूक लागेल, थोडं थांबा. फांजिरी ऐकून घ्यायची. भूक या शब्दावर तिचा विश्वास नव्हता.

एका दुपारी माहासोलो डबा ठेवून भिंतीला टेकून पेंगत होता. हॉस्पिटलच्या अंगणात रोग्यांसोबत आलेल्या बायका आपापल्या चुलींवर भात शिजवत होत्या आणि वास खिडकीतून आत येत होता. वोरीसोआ उठून बसली.

"आई, भूक लागलीय."

फांजिरीच्या हातातलं फडकं खाली पडलं. "काय म्हणालीस?"

"भूक लागलीय."

"परत म्हण."

"बहिरी झालीस का, आई? भूक लागलीय मला. भात दे ना."

फांजिरीने डबा उघडला. झाकण निघेपर्यंत पोरीने आणखी दोनदा तेच म्हटलं, आणि फांजिरीने तिला एकदाही गप्प केलं नाही.