पाच मेसेज, चार हॉलतिकिटं

विद्युल्लता मॅडमनी टेबलावरची हॉलतिकिटं तिसऱ्यांदा चाळली. चारच होती. समोर रुपी उभी होती. साखरशेतहून पहिल्या एसटीने आलेली, पायांवर चिखलाचे शिंतोडे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

"नाय का सापडत, मॅडम?" तिने विचारलं. आवाजात काळजी अशी नव्हती. तिचा मॅडमवर भरवसा होता, आणि नेमका तोच आता मॅडमना सोसवेना.

जव्हारच्या या अभ्यासकेंद्रात कम्प्युटरची पदवी करणाऱ्या पोरांना सल्ला देणं हे मॅडमचं काम. सल्ला हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात फॉर्म भरायचे, रडणाऱ्याला चहा पाजायचा, पेपर सोडू पाहणाऱ्याला झापायचं. मॅडम स्वतः बी.कॉम. झालेल्या. प्रोग्रॅमिंग त्या पोरांसोबतच शिकल्या. हे कुणाला कळलेलं नाही, असं फक्त त्यांनाच वाटायचं.

पाड्यांवर रेंज नाही. म्हणून पोरांच्या फॉर्मवर मोबाइल नंबर लिहायचा तो मॅडमचा, ही केंद्राची जुनी रीत. विद्यापीठाचे सगळे मेसेज त्यांच्या फोनवर यायचे आणि त्या निरोप पोचवायच्या, वेळ पडली तर एसटीच्या कंडक्टरकरवी. अकरा वर्षांत एक निरोप चुकला नव्हता. त्याचा त्यांना जरा ताठाच होता.

रुपीचा एकच पेपर राहिला होता, प्रोग्रॅमिंगचा, तोही ऐन परीक्षेत ताप चढला म्हणून. एरवी त्या विषयात तिचा हात धरणारं केंद्रात कुणी नव्हतं. लूप म्हणजे काय, हे शेजारच्या पाड्यावरच्या प्रमिलाला मॅडमकडून महिनाभरात कळलं नाही. रुपीने चुटकीसरशी सांगितलं. "आवणी करतीस ना? रोप लावायचा, मागं सरायचा, परत लावायचा. शेत संपला का थांबायचा." जुना अभ्यासक्रम आता बंद होत होता आणि त्याची ही शेवटची परीक्षा होती. जामसरच्या आश्रमशाळेने कम्प्युटर शिकवायची जागा तिच्यासाठी दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. पदवी दाखवायची आणि रुजू व्हायचं.

फॉर्म भरायच्या दिवशी आवणी ऐन भरात होती. तू कशाला येतेस, मी आहे ना, असा निरोप मॅडमनीच धाडला. त्या दुपारी साइट मरणाची संथ होती. बटण दाबलं की पान फिरतच राहायचं. पाच पोरांचे पाच फॉर्म होते आणि फोनवर 'आपला अर्ज स्वीकारला आहे' असे पाच मेसेज आले. मेसेजमध्ये नाव नसतं. मॅडमनी पाच मोजले, डायरीत पाच खुणा केल्या आणि घरी गेल्या. प्रमिलाच्या फॉर्मला बटण दोनदा दाबलं गेलं होतं. तिचाच मेसेज दोनदा आला होता.

हे त्यांना आज, रुपीसमोर साइट उघडली तेव्हा कळलं. रुपीचा अर्ज अर्धवट पडून होता आणि मुदत संपून महिना झाला होता. त्यांनी तिला बसवलं, विद्यापीठात फोन लावला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाने शांतपणे मुदतीची तारीख वाचून दाखवली.

"चूक माझी आहे, रुपी," त्या म्हणाल्या. "मी मेसेज मोजले. तुझं नाव बघितलं नाही."

रुपीने पिशवीची गाठ चाचपली. "मंग परत कधी?"

"परत नाही. नव्या अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षापासून."

आता ही रडेल, आपल्यावर ओरडेल, असं मॅडमना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"प्रमिलाचा आला ना?" रुपीने विचारलं. "द्या मंग. मी देते तिला."

तिने प्रमिलाचं हॉलतिकीट आपल्या वहीत ठेवलं, पिशवीला गाठ मारली आणि स्टँडकडे निघून गेली. पुढच्या आठवड्यात मॅडम रजा काढून विभागीय कार्यालयात गेल्या. चूक माझी, शिक्षा मला करा, असं लेखी दिलं. तो कागद फायलीला लागला, एवढंच.

परीक्षेच्या सकाळी त्यांच्या फोनवर विद्यापीठाचे, परीक्षार्थींसाठी शुभेच्छांचे मेसेज आले. चार. त्या पाचव्याची वाट बघत राहिल्या, येणार नाही हे ठाऊक असून. परीक्षा अभ्यासकेंद्रातच होती. मॅडम बाहेर आल्या तर पायरीवर रुपी बसलेली. प्रमिलाला सोबत म्हणून आली होती, आत बॅग नेता येत नाही म्हणून तिची बॅग मांडीवर घेऊन. मॅडमनी खुर्ची देऊ केली, ती नको म्हणाली. तीन तास मॅडम खिडकीतून तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. आपण या पोरीचं वाटोळं केलं, याहून सौम्य शब्द त्यांना सुचला नाही.

प्रमिला हसतच बाहेर आली. लूपचा प्रश्न आला होता. "तू सांगितला तसाच लिहिला," ती म्हणाली, आणि मग आपण हे कुणाला सांगतोय ते तिच्या लक्षात आलं.

रुपीने हात पुढे केला. प्रश्नपत्रिका घेऊन ती वाचत बसली, एकेका ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, घाई न करता. पान उलटून शेवटच्या प्रश्नापर्यंत गेली. मॅडम दारात उभ्या होत्या.

"मना सगळा येत होता, मॅडम," ती म्हणाली.

मग तिने प्रश्नपत्रिका होती त्याच घडीवर दुमडली आणि प्रमिलाच्या बॅगेत नीट ठेवून दिली.