रोवण्याचं रीळ

दत्तोपंत पोतनीस सरांना काढणार, ही बातमी वच्छलाला कँटीनमध्ये कळली आणि तिनं हातातला आलूबोंडा तसाच बशीत ठेवला. ज्यांना वच्छला लांजेवार ठाऊक होती, त्यांनी तेवढ्यावरूनच ओळखलं, की आता कॉलेजचं काही खरं नाही. कुहीकडची ही पोट्टी अन्न टाकणाऱ्यातली नव्हे.

"काहून काढून राहिले?" तिनं ताराचंदला विचारलं. ताराचंद तिच्याच वर्गातला, मनानं चांगला, पण तोंडात तीळ न भिजणारा.

"डोळ्यानं दिसत नाही म्हणते. सिनेमाच्या मास्तरले सिनेमाच दिसत नाही, तं शिकवते काय, असं प्रिन्सिपॉल म्हणून राहिला."

"त्याले कोणं सांगतलं?"

"अध्यक्षानं."

झालं होतं असं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष मनोहरराव, रामटेककडचे जुने मालगुजार, मोठे जमीनदार. गेल्या आठवड्यात व्हरांड्यात सर समोरून येताना दिसले म्हणून त्यांनी हात जोडले, आणि सर खुशाल बाजूनं निघून गेले. आता मालगुजाराचा नमस्कार हवेत विरतो म्हणजे काय! मनोहररावांना आधी राग आला, मग त्यांनी चौकशी केली, आणि चौकशीत जे निघालं ते दुर्दैवानं खरं होतं. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध अंधार उतरला होता. कडेकडेचं थोडंफार दिसे, त्यावर ते चालत, फिरत, जिना चढत. पण समोरचा माणूस नाही, पुस्तक नाही आणि पडदा तर नाहीच.

पोरांना हे दिवाळीपासून माहीत होतं. कोणी कोणाला बजावलं नव्हतं, तरी सगळ्यांनी मिळून झाकून ठेवलं. सिनेमाच्या पदविकेला पोरं तरी किती, एका बाकावर दाटीवाटीनं मावतील एवढी. शिवाय सरांची रीतच अशी, की झाकणं सोपं जावं. डोळे धडधाकट होते तेव्हापासून ते पडद्याकडे पाठ करून आणि पोरांकडे तोंड करून बसत. प्रोजेक्टर सुरू झाला की म्हणत, "बोला, काय दिसतं?" एखादा म्हणाला, बाई दिसते, की मेलाच तो. कशी बाई? कुठून दिसते? तिच्याकडे कोण पाहतंय? ती कोणाकडे पाहायचं टाळते? संत्रं सोलावं तसं सर माणसाला सोलून काढत. पहिल्या महिन्यात वच्छला दोनदा वर्गातून रडत बाहेर गेली. पुढे मात्र शहरात बर्डीच्या बसस्टॉपवर उभी राहिली तरी तिला माणसं वेगळी दिसायला लागली. कोण कोणाची वाट पाहतंय आणि कोण नुसतंच उभं आहे, हे तिला दुरून कळे. हे तिला कोणी दिलं? सरांनी दिलं. आणि आता त्याच माणसाला म्हणे घरी बसवायचं!

सर एकदा एसटीनं कुहीला आले होते. वच्छलाच्या बापाच्या, रामाजीच्या, बाजेवर बसून म्हणाले होते, "मुलीला सिनेमात नाचायला नाही, सिनेमा करायला शिकवतो." रामाजी म्हणाला, "तुमच्या भरवशावर धाडून राहिलो, सर." आता भरवसाच गेला, तर वच्छलाचं बोचकं बांधलंच म्हणून समजा. पण खरं सांगायचं तर स्वतःचं तिला मागाहून सुचलं. आधी आला तो नुसता संताप.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं प्रिन्सिपॉलच्या खोलीसमोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. घोषणा नाही, आरडाओरड नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांच्यामधून वाट काढत जावं लागे, एवढंच. प्रिन्सिपॉल बाहेर आले, समजावून गेले, पुन्हा आले, धमकावून गेले. "मुंबईहून डिग्रीवाला माणूस येतो आहे, तुमचंच भलं आहे," असं म्हणाले. वच्छला म्हणाली, "त्याईले यू द्या ना सर, पाहुणे म्हणून. चहा पाजू." प्रिन्सिपॉलांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं.

पोरं हलत नाहीत म्हटल्यावर मनोहरराव स्वतः जीप घेऊन आले. पायरीखाली उभे राहिले आणि काठी टेकून म्हणाले, "तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"सर राहिले पाह्यजेत," वच्छला म्हणाली.

"ज्याले दिसत नाही, तो सिनेमा शिकवते?"

"एकडाव त्याईच्या तासाले बसून पाहा. अन् मंग काढा."

मनोहरराव हट्टी होते, पण कानांत बोटं घालून बसणारे नव्हते. त्यांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. शनिवारी कमिटी बसते. पण फिल्म मी आणीन. तुमच्या सरानं न पाह्यलेली. फसवाफसवी केली तं पायरीवरूनच घरी."

आता खरं तर इथं पोरांनी गप्प बसायला हवं होतं. पण विश्वास एक आणि भीती दुसरी. आणि दोन वर्षं सिनेमा शिकलेलं पोट्टं गप्प बसेल तर ते पोट्टं कसलं! वच्छलाच्याच डोक्यातून युक्ती निघाली. ताराचंदनं सरांना चिकटून, पण पडद्याकडे तोंड करून बसायचं. दृश्य दुरून असेल तर कोपराचा एक धक्का, मधल्या अंतरावरून असेल तर दोन, आणि तोंड जवळून असेल तर तीन. सर हुशार, लगेच उमजतील. सरांना आधी सांगायचं मात्र नाही, कारण सांगितलं तर ते नाहीच म्हणतील. कँटीनमध्ये बसून ताराचंदनं एवढा सराव केला, की शेजारच्या बाकावरचा पोरगा उठून दुसरीकडे गेला.

शनिवारी हॉलमध्ये कमिटी बसली. मधल्या खुर्चीवर मनोहरराव, बाजूला प्रिन्सिपॉल. सर नेहमीसारखे पडद्याकडे पाठ करून बसले. धोतर, कोट, आणि चेहरा शांत. प्रोजेक्टर वच्छलाकडे होता. मनोहररावांनी शेतकी खात्यातून रीळ मागवलं होतं, धानाच्या रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं. या रुक्ष रिळातून कोणी काही काढून दाखवावं, असाच त्यांचा बेत असावा. वच्छलानं रीळ चढवलं, दिवे बंद झाले, मशीन खडखडायला लागलं.

आणि ताराचंदनं सरांच्या बरगडीत तीन धक्के हाणले.

"तारा," सर मोठ्यानं म्हणाले, "आत्ता तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट चालू असेल. कोपर कशाला मारतोस?"

ताराचंदला घाम फुटला. घाबरलेला माणूस खरंच बोलतो. "मोठ्ठं जवळून दिसलं सर, क्लोजअप समजून..."

"सर्टिफिकेटचा क्लोजअप?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. प्रिन्सिपॉल ताडकन उठले. "पाहा साहेब, पाहा! ही लबाडी! धक्के मारून सांगतात ह्यांना!" वच्छलाला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. सरांना वाचवायला निघालेल्या पोरीनं सरांचा गळा आपल्याच हातानं आवळला होता. तिनं मशीन थांबवलं.

सर उभे राहिले. "लबाडी झाली खरी. माझ्यावरच्या मायेपोटी झाली, पण लबाडीच. मनोहरराव, मला पडदा दिसत नाही. त्या दिवशी व्हरांड्यात तुम्हीही दिसला नाहीत, त्याची माफी मागतो. मी हे आधीच येऊन सांगायला हवं होतं, पण पोरांना सोडून जाववेना." मग ते मशीनच्या दिशेनं वळले. "तास मात्र माझा आहे आणि तो अजून झालेला नाही. वच्छला, रीळ पहिल्यापासून लाव. तारा, मागे जाऊन बस. आणि आज पोरांनी तोंड उघडायचं नाही. मनोहरराव, तुम्ही बोला. काय दिसतं?"

"मी?" मनोहरराव म्हणाले.

"हो. आज विद्यार्थी तुम्ही."

वच्छलानं रीळ लावलं. पडद्यावर पाणी आलं, चिखल आला, बाया आल्या.

"काय दिसायचं?" मनोहरराव जरा घुश्शातच म्हणाले. "रोवणा आहे. बाया धानाची रोपं, पऱ्हे, रोवून राहिल्या."

"तुम्ही किती रोवणे पाहिलेत?"

"उभा जन्म गेला त्याच्यात."

"कुठून पाहता?"

"कुठून म्हणजे? धुऱ्यावरून. शेताच्या कडेले छत्री घेऊन उभा राहतो."

"आणि हा फिल्म घेणारा? तोही धुऱ्यावर उभा आहे?"

मनोहरराव बोलायला गेले आणि अडखळले. खुर्चीत पुढं सरकले. "नाही. हा तं खाली बांधीत, चिखलाच्या शेतात उतरला आहे. पाण्याले लागून. बसला असन, नाही तं वाकला असन."

"बायांसारखाच."

"हव."

"मग त्याला असं काय दिसतं, जे धुऱ्यावरून तुम्हाला दिसत नाही?"

कमिटीतला कोणी खाकरला. मनोहरराव पडद्याकडे पाहत राहिले. बाया वाकून एकेक पाऊल मागं सरत होत्या, बोटं चिखलात जात होती, वर येत होती. मग ते म्हणाले, "तोंडं."

"नीट सांगा."

"तोंडं दिसून राहिली. एक हसून राहिली, बाजूचीले काही सांगते. ते म्हातारी गाणं म्हणते वाटते, ओठ हालते तिचे. एक पोट्टी आहे, तिले झोप येऊन राहिली." त्यांचा आवाज खाली आला. "धुऱ्यावरून निस्त्या पाठीच दिसते हो. दरसाल एवढ्या बाया येतात माह्या बांधीत. मले एकीचं तोंड विचाराल, तं सांगता येनार नाही."

मनोहरराव आपणहून सांगत राहिले, कोणीही न विचारता, एकेका बाईबद्दल, रीळ संपेपर्यंत. मग पडदा पांढरा झाला.

सगळ्यात आधी प्रिन्सिपॉल सावरले. "साहेब, छान झालं. पण दिसत नाही हे ह्यांनीच कबूल केलं आहे. बैठकीत विचार करून कळवू या."

मनोहरराव दचकून जागे झाल्यासारखे उठले. टोपी सारखी केली. "हो, हो. विचार करून कळवू." आणि दाराकडे निघाले.

कळवू! हा शब्द वच्छलानं लहानपणापासून ऐकला होता. तिचा बाप तहसिलीत गेला की हाच शब्द घेऊन परत यायचा. ती मशीन सोडून धावली आणि दारात आडवी उभी राहिली.

"बाजूले हो वं पोरी," मनोहरराव म्हणाले.

"नाही होत."

"वच्छला!" प्रिन्सिपॉल ओरडले. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हे काय रीत झाली?" मनोहरराव म्हणाले. "कोणाची तू?"

"कुहीच्या रामाजी लांजेवारची. आमची बांधी लहान आहे, तिच्यात आमचं भागत नाही. माही माय दरसाल दुसऱ्याच्या बांधीत रोवाले जाते. मीबी गेली आहे." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "तुमाले धुऱ्यावरून आमच्या पाठी दिसते ना मालक? आमाले खालून काय दिसते, सांगू? तुमचे पाय. जोडे दिसते अन् छत्रीची सावली. मालकाचं तोंड कसं आहे, हे आमाले ठाऊकच नसते. आज मी पहिल्यांदा समोरून पाहून राहिली. तं तोंडावर सांगून जा. सर राहते का नाही?"

मनोहरराव तिच्याकडे पाहत राहिले. वच्छलानं नजर खाली घातली नाही. मानेला रग लागली, डोळे चुरचुरले, तरी घातली नाही.

"कोणाच्या बांधीत गेली होती?" त्यांनी हळूच विचारलं. "माह्या?"

"तुमच्या नाही. पण सारख्याच असते सगळ्या."

मनोहररावांनी मान हलवली. मागं वळून म्हणाले, "प्रिन्सिपॉल साहेब, मुंबईवाल्याले येऊ नको म्हणा. मार्कं अन् मशीन कोणी दुसरा पाहीन. शिकवतीन हेच. बैठकीत कोणी आडवं आलं, तं मी आहे." मग त्यांनी सरांच्या दिशेनं हात जोडले. हात जोडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. ते चालत सरांपर्यंत गेले, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "मनोहरराव आहो, सर. नमस्कार करून राहिलो."

"नमस्कार," सर म्हणाले.

माणसं गेली. पोरांनी ताराचंदला खांद्यावर घेतलं, का ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. वच्छला दारातच उभी होती.

"वच्छला," सरांनी हाक मारली, "मशीनचा दिवा जळतो आहे. बंद कर आधी. बल्ब सहज मिळत नाही."

ती मशीनपाशी गेली. तिनं बटणासाठी हात पुढं केला, पण डोळे असे भरून वाहत होते, की बटण कुठं आहे तेच तिला दिसेना. ती चाचपडत राहिली. मागून खुर्च्यांना धरत धरत सर आले. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि दिवा बंद केला.