पंप म्हणजे किती

सेनगावहून औषधाची बाटली आली आणि किसनरावांनी ती धाकट्या सुनेच्या हातात दिली. पदर खोचता खोचता थोरल्या सुनेचा, मोतीबाईचा, हात थांबला. अकरा वर्षं या घरात फवारणीचं औषध तीच मापत होती. पंपाला दोन झाकणं, वर अंदाजानं थोडं. झाकण तिचं, अंदाजही तिचाच.

आता हट्टा गावची राजनंदिनी आली. लग्नाला चार महिने झाले नाहीत, तर सासरे बांधावरून हाका मारतात, "राजनंदिनी, बघ बरं काय लिहिलंय!"

"एकराला चारशे मिली, दोनशे लिटर पाण्यात," तिनं वाचलं. "म्हणजे लिटरला दोन मिली. पंप पंधरा लिटरचा, तर पंपाला तीस मिली, मामा."

"बराबर!" किसनरावांना कळलं काही नव्हतं, पण कौतुक पुरेपूर. "न्हाईतर आमची मोतीबाई. झाकण मोठं असलं तरी दोन, बारकं असलं तरी दोन."

"पीक तर येतच होतं की," मोतीबाई घागरीला म्हणाली.

पाणी आणायचं काम तेवढं तिच्याकडं उरलं होतं. दहा लिटरची घागर. पंपात तिनं एक ओतली, दुसरी ओतली, तेव्हा कुठं तो भरला. ती थबकली. जुन्या पंपाला दीडच घागर लागायची. हा परवा आणलेला बॅटरीचा पंप, वीस लिटरचा! आणि पोरगी जुन्याचाच हिशोब धरून बसलेली. गावात जो तो 'पंपाला किती' एवढंच विचारतो. पंप केवढा, हे कुणी विचारत नाही.

सांगावं का? छे! मोतीबाईचा जीव कसा गार झाला. अळी काही मरायची नाही. आठ दिवसांनी मामा म्हणतील, मोतीबाई, तुझं झाकणच बरं होतं. ते शब्द मनात घोळवत तिनं दुसराही पंप भरून दिला. तिचा नवरा वैजनाथ तो पाठीवर घेऊन सोयाबीनमध्ये शिरला.

तिसऱ्या पंपाची वाट बघत ती बांधाला टेकली. सहज एक पान उलटलं. हिरवी अळी, पोट भरून, निवांत. शेजारच्या पानावर आणखी दोन. त्यांना जावाजावांचं काय पडलंय! सोयाबीन तर दोघींच्याही घरचं.

"ए राजनंदिनी," ती चिडूनच म्हणाली, "पंपात दोन घागरी जाऊन राहिल्या. तुझं तीस मिली कसं पुरंल?"

पोरीनं जीभ चावली. "अगं बाई, वीस लिटर! चाळीस पायजे होतं. आक्का, तुमाला कसं कळलं?"

"माझ्या कंबरेला इचार."

आता ही गुपचूप चाळीस ओतेल आणि आपल्या उपकारात राहील, असं मोतीबाईला वाटलं. पण राजनंदिनी तिथूनच ओरडली, "मामा, माझं चुकलं! दोन पंप पातळ गेले. आक्कांनी धरलं म्हणून बरं!"

किती सोपं बोलली ही! मोतीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. झाकणाच्या अकरा वर्षांत तिच्या तोंडून एकदाही असं निघालं नव्हतं.

"पाहिलंस मोतीबाई? चूक लपवली न्हाई पोरीनं," किसनराव जवळ येत म्हणाले. "तुला कवा ध्यानात आलं गं?"

मोतीबाईनं रिकामी घागर उचलून कंबरेवर घेतली.

"आत्ता," ती म्हणाली, आणि पाण्याला निघाली.