आगीच्या दिवशीचा निर्देशांक

शेअर बाजार शिकवणाऱ्या त्या माणसाला दोन गोष्टींचा अभिमान होता: अवघड विषय सोपा करून सांगणं आणि वर्गाला हसवणं. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्याचा वर्ग भरायचा. निवृत्त कारकून, दुकानदार, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली घडीच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसत.

त्या शनिवारी त्याची धाकटी बहीण पहिल्यांदाच आली. नवरा गेल्यावर मिळालेली भरपाई तिने बँकेत नुसती पडू दिली होती. "एकदा येऊन ऐक तरी," असं तोच तिला म्हणायचा, पण ती खरंच येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती उशिरा आली आणि मागे बसली. दिवे मालवलेले होते, त्यामुळे ती त्याला दिसली नाही.

पडद्यावर दोन रेषा होत्या. "वरची निर्देशांकाची. बऱ्याच कंपन्यांची मिळून. एक रडते तेव्हा दुसरी हसते, म्हणून चढउतार कमी. खालची एकाच कंपनीची. नाव झाकलंय, उगाच बदनामी नको. बघा, उचकी लागल्यासारखी चाललीये!"

वर्ग हसला. खालची रेषा एके ठिकाणी सरळ कोसळली होती. तिथे काठी टेकवून तो म्हणाला, "आणि इथे तर स्वारी थेट विहिरीत! चपला काढायलाही वेळ मिळाला नाही."

खोलीत हशा पिकला.

"एवढा भाव पडला कशाने हो?" पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं.

उत्तर तोंडपाठ होतं. "आग लागली. रंगाचा कारखाना आहे. घाबरून ज्यांनी विकलं ते बुडाले, धीर धरला ते तरले. सहा महिन्यांत भाव होता तिथे परत."

लिहायला दिसेना म्हणून कुणीतरी मागचा दिवा लावला, आणि त्याला बहीण दिसली.

त्याच आगीत तिचा नवरा गेला होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर तिचा हात धरून उभा राहिला होता तो हाच. ही कंपनी त्याने अजाणता निवडली नव्हती. इतकी वेडीवाकडी रेषा दुसरी सापडली नाही, आणि पहिल्याच वर्गात विनोद जमला म्हणून ती तशीच राहिली. बहीण कुठे इथे येणार आहे, असं त्याने मनाला समजावलं होतं.

बाकीच्यांबरोबर तीही हसली होती. ते हसू अजून तिच्या ओठांवर होतं आणि त्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"मग त्या दिवशी निर्देशांक किती पडला?" आजोबांनी विचारलं.

एरवी या प्रश्नाची तो वाट बघायचा. आज त्याने काठी खाली ठेवली. "पडला नाही," तो म्हणाला. "थोडा वरच गेला होता."

"वा! म्हणजे त्याला पत्ताच लागला नाही!" आजोबा खूश झाले.

वर्ग कसाबसा संपवून तो जिन्यातून धावत उतरला. ती रस्त्यापर्यंत पोहोचली होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"कधीपासून सांगतोस हे?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलवेना. "वर्ष झालं."

"दर वेळी हसतात?"

"हो."

"मीपण हसले रे, दादा." एवढंच बोलून ती चालायला लागली. तो सोबत निघाला, तर तिने न वळताच हाताने नको म्हटलं.

पुढच्या शनिवारी त्याने वेगळी कंपनी घेतली. तिच्या रेषेतही एक कडा होता. भाव तिथे का कोसळला हे त्याने आधी शोधून वाचलं आणि वर्गात विनोद न करता सांगितलं. "सर, आज मूड नाही का?" एका मुलीने विचारलं. त्याने पुढची रेषा पडद्यावर आणली.

बरेच दिवस बहिणीचा फोन आला नाही. मग एका सकाळी आला. "पैसे कुठे ठेवू ते सांग. त्या वरच्या रेषेतच ना?"

"हो. तिथे धोका कमी."

"ये मग रविवारी. कागद बघून दे."

तो गेला. तिने जेवायलाच वाढलं, नेहमीसारखं आग्रहाने. दुसऱ्यांदा वाढताना ती म्हणाली, "मान वर करून जेव की." त्याने प्रयत्न केला, पण त्याची नजर ताटावरून हलली नाही.